सखुबाईच्या गोट्यातलं पाणी

अन्याय झाला तो सखुबाईवर. दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या वाळूत डांगरं-टरबुजं लावणाऱ्या सखुबाईवर. आणि झाला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या आत. गावातली सगळी माणसं कापूस वेचायला गेलेली होती. अकोल्याच्या एका खड्यांच्या व्यापाऱ्याचा माणूस आला, कापसात गुंडाळलेला एक गोटा तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि पाण्याला न थांबता गेला. तिनं कापूस सोडला. गोट्याच्या आतलं पाणी गेलेलं होतं.

गोट्याच्या आत पाणी कसलं, असं अमरावतीत मलाही वाटलं होतं. म्हणून आधी तेवढं सांगतो. आपल्या काळ्या मातीखालच्या खडकात पोकळ्या असतात आणि त्यांत अकीक धरतो. पावसाळ्यात मेळघाटातले नाले तो लोटत पूर्णेत आणतात. वरून तो सडक्या बटाट्यासारखा दिसतो. घासला की आत पट्टे निघतात, दुधी, पिवळे, तांबडे. लोक अंगठ्यांत घालतात, साहेबलोक टेबलावर ठेवतात. क्वचित एखादा गोटा असा सापडतो की त्याच्या पोटात पोकळी आणि पोकळीत कोंडलेलं पाणी. किती युगांचं, कोण सांगणार. उन्हाकडे धरून तिरपा केला की आत एक बुडबुडा इकडून तिकडे पळतो. असा गोटा सखुबाईला सापडला होता.

ही हकीकत मला सांगितली विठोबानं. तो आमच्या घरी भाजी देतो आणि सखुबाईचा सख्खा भाऊ आहे. मेथीच्या जुड्या उतरवता उतरवता म्हणाला, "भाऊ, तुमी कागदं छापता नं? माह्या बहिनीचं एक छापा."

मी पत्रकं काढतो हे खरं. बाजारातल्या बसायच्या जागेच्या वसुलीवर काढलं होतं, ते बरंच गाजलं. विठोबाचं ऐकता ऐकताच नव्या पत्रकाचा मथळा मनात तयार झाला: 'खडा बदलला!' उद्गारचिन्हासकट. मोलाचा गोटा ठेवून घ्यायचा आणि तसलाच दिसणारा रिकामा परत करायचा, यात समजायला अवघड काय? मार्गशीर्षात निघालो, विठोबा बरोबर.

वाळू

दर्यापूरपर्यंत लॉरी, पुढे बैलगाडी. दोन्हीकडे कपाशी वेचून उरलेली, मधून ज्वारी दाण्यात आलेली. एका शेतात हुरडा भाजत होते. गाडी आपोआप थांबली. वऱ्हाडात हुरड्याच्या आगटीवरून कुणाला तसंच जाऊ देत नाहीत. गरम दाणे, वर तिळाची चटणी. शेतकऱ्यानं माझं नाव, गाव, जात, लग्न, सगळं विचारून घेतलं आणि मी काय करतो हे ऐकल्यावर म्हणाला, "कागद छापून पोट भरते?" मी नाही म्हणालो. त्यानं आणखी एक ओंजळ दाणे दिले.

नदीचं पात्र मोठं, पाणी एका कडेला. बाकी वाळू. या वाळूत दरवर्षी पाऊस ओसरला की वाड्या होतात. ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात शेणखत आणि काळी माती भरायची, बी टाकायचं, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या सुक्या काड्यांचा, आडोसा करायचा. चैत्रात अमरावतीच्या बाजारात आपण जी टरबुजं ठोकून ठोकून घेतो ती इथली. पावसाळ्यात नदी सगळं पुसून टाकते, पुढल्या वर्षी नव्यानं सुरू. म्हणजे इथे कायमची मालकी कुणाचीच नाही. आमच्याकडे हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात जातात. इथे हद्द म्हणजे वाळूत टाचेनं ओढलेली एक रेघ.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी बूट घालून सरळ चालत गेलो. मागून एक बाई ओरडली, "ओ बूटवाले भाऊ! पाय कुठी घालून राहिले?"

थांबलो. खाली पाहिलं. रेघ माझ्या पावलांनी गायब झाली होती.

"या रेघेच्या इकडे माही वाडी, तिकडे माह्या जावेची," बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "इतकी वर्सं बोलत नाई आमी एकमेकीसंगं. तुमी एका फेऱ्यात एक करून टाकलं का?"

पलीकडून जाऊ हसली. मग ही हसली. मी बूट काढून हातात घेतले आणि परतेपर्यंत हातातच ठेवले.

सखुबाई पात्राच्या काठावर, वाळू जिथे संपते तिथे उभी होती. चाळिशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. वाळूत सगळ्या बाया खणत होत्या, ती तेवढी उभी. "आला का विठू," म्हणाली आणि माझ्याकडे पाहून, "हेच का ते कागदवाले? लहान हायेत."

तिच्या घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. जेवताना तिनं सगळं सांगितलं, पाणी वाढता वाढता, न रडता.

वाळूत खड्डा खणताना जो गोटा निघेल तो खणणाऱ्या बाईचा. नवऱ्याचा नाही, सासऱ्याचा नाही. बाया गोटे साठवतात आणि व्यापारी आला की देतात. पाण्याचा गोटा निघाला तर तोही विकता येतो, पण त्याला एक अट आहे. गोट्यातलं पाणी ज्याच्या हातून सुकेल त्यानं त्या साली वाळूत खड्डा खणायचा नाही. त्याच्या खड्ड्याला ओल लागत नाही, आणि शेजारच्यांच्याही खड्ड्यांची ओल तो ओढून नेतो, अशी समजूत. म्हणून सखुबाईनं तिचा गोटा सापडल्या दिवसापासून पाण्याच्या मडक्यात ठेवला होता.

"चैतात पंत आले," ती म्हणाली. पंत म्हणजे दामोदरपंत, अकोल्यात जठारपेठेत खड्यांचं दुकान. "वाळूत मांडी घालून बसले. टरबूज खाल्लं. गोटा पाह्यला अन् खानं इसरले. म्हने, चिखलदऱ्याले साहेबलोकाईले दाखवतो, जांगड दे."

जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. आवडला तर घ्यायचा, नाही तर नेला तसा परत. दसऱ्याची मुदत ठरली. "जसा नेला तसा आनून देईन," पंत म्हणाले, आणि ते गणाजीबुवांनीही ऐकलं. वाळूची वाटणी करतात ते हे गणाजीबुवा.

दसरा झाला. गोटा आला, कोरडा. तिनं आरडाओरडा केला, गाव जमा झालं, पंतांकडे निरोप गेला. पंतांचं उत्तर आलं: मी दिला तेव्हा पाणी होतं, बाईनं उन्हात ठेवला असेल.

कार्तिकी पौर्णिमेनंतर गणाजीबुवा वाटणीला उतरले. हे काम ते उलट्या पावली चालत करतात, टाच घासत, आणि मागे रेघ उमटत जाते. सखुबाईच्या जागेशी आले तेव्हा त्यांनी टाच उचलली. तिची जागा ओलांडून पुढे गेल्यावर परत टेकवली.

"येवढंच," सखुबाई म्हणाली. "काई बोलले नाईत."

मी गोटा मागितला. तो अजून मडक्यातच होता. लिंबाएवढा, दुधी, कडेला तपकिरी पट्टे. एका बाजूला नखाएवढी जागा घासून काचेसारखी केलेली, तिच्यातून आतली पोकळी दिसे. रिकामी.

"ही खिडकी आधी होती?"

"नवती."

"मग हा तुमचा गोटाच नव्हे," मी म्हणालो. मथळा जुळत होता.

सखुबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरीकडे पाहू लागलो. "भाऊ, दोन वर्सं मडक्यातून रोज काढून पाह्यला म्या. माहा गोटा मी वळखत नाई?"

संध्याकाळी गणाजीबुवांकडे गेलो. माणूस म्हातारा, दमदार, चिलीम हातात. मी सरळ विचारलं की जिच्यावर अन्याय झाला तिलाच शिक्षा का. ते रागावले नाहीत. "माह्यावर कागद छापाल तं छापा," म्हणाले. "गोटा कोनाच्या घरात कोरडा दिसला? तिच्या. मंग तिच्या हातून सुकला. दुसऱ्या कोनाच्या हातून सुकला असंन तं त्यानं इथी येऊन म्हनावं. म्या का देव हाओ पाहाले?"

"सखुबाई म्हणते तसा गोटा तिचाच असला, तर तो खिडकी पाडल्यामुळे सुकला," मी म्हणालो.

"खिडकी पाडल्यानं घरातला मानूस मरते का?"

या वाळूतल्या समजुतीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण समजूत खोटी म्हणून सखुबाईची जागा परत मिळत नव्हती. वाळूत वेल माघ लागायच्या आत लावावे लागतात, उशीर झाला तर फळ धरायच्या आधीच पाणी खाली जातं. तेव्हा ज्याच्या हातून पाणी सुकलं त्याला शोधून वाळूत आणणं, एवढंच काम होतं. परत येऊन सखुबाईला म्हटलं, गोटा तपासायला मी अकोल्याला घेऊन जातो.

"गोटा एकटा जानार नाई," सखुबाई म्हणाली. "एकडाव एकटा गेला तं कोरडा आला. मी येतो."

(आमच्या वऱ्हाडात बाया 'मी येतो' असंच म्हणतात. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं.)

लहान गाडी

दर्यापूरजवळच्या बनोशाहून मूर्तिजापूरला लहान गाडी जाते. ती किती हळू जाते याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, मी भर घालत नाही. सखुबाईच्या मांडीवर पितळी लोटा, लोट्यात पाणी, पाण्यात गोटा, वरून ओलं फडकं बांधलेलं. डबा कापसाच्या गाठोड्यांनी आणि माणसांनी भरलेला. दुपार झाली तशी समोरचा एक पागोटेवाला म्हणाला, "बाई, घोटभर पानी द्या."

"नाई," सखुबाई म्हणाली.

डब्यातल्या माना वळल्या. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. पागोटेवाला म्हणाला, "लोटा भरला हाये, अन् नाई म्हनता?"

"पिन्याचं नाई, भिजवन्याचं हाये."

"का भिजवून राहिल्या?"

"गोटा."

"गोटा!" तो डब्याकडे वळला. "ऐकलं का? गोट्याले पानी हाये, मानसाले नाई. कलियुग कलियुग म्हनतात ते हेच."

एका म्हातारीनं बाजू घेतली, "असंन काई नवस." दुसऱ्यानं उपदेश केला. तिसऱ्यानं सखुबाईचं माहेर विचारलं, म्हणजे असल्या शिकवणीचं मूळ कुठलं ते कळावं. विठोबा खिडकीबाहेर तोंड काढून बसला. शेवटी एका स्टेशनावर गाडी उभी होती तेव्हा सखुबाई उतरली, विठोबाचा तांब्या घेऊन नळावर गेली, भरून आणला आणि पागोटेवाल्याच्या हातात दिला. तोवर तिचा लोटा मी धरून बसलो होतो. पागोटेवाला पाणी पिऊन म्हणाला, "आता दाखवा तं खरं तो गोटा." मूर्तिजापूर येईपर्यंत गोटा डबाभर फिरला, आणि जो तो तो कानाशी धरून हलवून पाहत होता.

अकोला

खिडकी कुणी पाडली हे आधी कळायला हवं होतं. अकोल्यात अकीक घासणारी थोडीच घरं, त्यांत चांगला हात कुणाचा म्हणून विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, उस्मानभाई. उस्मानभाईंना भेटल्यावर समजलं की हे नाव सर्वांत जास्त वेळा ते स्वतःच घेतात.

अंगण भरून काम चाललेलं होतं. एका बाजूला मडक्यांत गोटे घालून वर गोवऱ्यांची धग, त्यानं पिवळा अकीक तांबडा होतो. दुसऱ्या बाजूला दोन माणसं कातडी थैलीची दोन टोकं धरून समोरासमोर बसलेली. थैलीत खडे, कुरुंदाची पूड आणि पाणी. एक ओढतो, मग दुसरा ओढतो. दिवसच्या दिवस. त्यातून खड्यांना चमक येते, त्याला ते जिल्हई म्हणतात. त्या दोघांत एक भांडण चाललेलं होतं, कुणाच्या तरी सोयरिकीवरून, आणि थैलीच्या प्रत्येक ओढीबरोबर एकेक टोमणा पलीकडे जात होता.

उस्मानभाई सानेवर, म्हणजे खडे घासायच्या दगडापुढे, बसलेले. दाढीला मेंदी, डोळ्यांत सुरमा. "खंबायतेत जाऊन माहं नाव घ्या," हे त्यांचं स्वागत. खंबायत म्हणजे गुजरातेतलं अकीक घासणाऱ्यांचं मोठं गाव. सखुबाईनं लोट्यातून गोटा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे नेला, आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"अरे, हे तं माहं काम! हा हात दुसऱ्या कोनाचा नाई. पाहा, पाहा खिडकी. कागदासारखी पातळ. याच्यापेक्षा पातळ कोनी पाडून दाखवो, सान सोडून देईन म्या."

म्हणजे गोटा बदललेला नव्हता. माझा मथळा तिथेच गेला. सखुबाई माझ्याकडे बघत होती, मी गोवऱ्यांकडे.

"म्हंजे पानी तुमी काढलं," ती उस्मानभाईंना म्हणाली.

"म्या?" ते उठून उभे राहिले. "बाई, माह्या हातून गेला तवा थेंब आत फिरत होता, पोट्टं पाळन्यात फिरते तसा! पंत म्हने, साहेबाले थेंब नीट दिसत नाई, खिडकी पाड. पाडली. म्या सांगतलं बी, आता याले पान्यात ठेवा, हवेवर ठेवू नका, इतक्या पातळ खिडकीतून पानी घाम आल्यासारखं निघून जाते. पंतानं नेला चिखलदऱ्याले, काचेच्या पेटीत ठेवला, पेटी ठेवली खिडकीत. वैशाखाचं ऊन! जेठात परत आले इथी. मले म्हने, उस्मान, यात पानी भरून दे. म्या म्हटलं, पंत, हे का शाईची दौत हाये?"

थैलीवाले दोघे भांडण थांबवून हसले.

जे हवं होतं ते सगळं या एका फुशारकीत मिळालं. शिवाय आणखी एक. "पंतांनी गोटा विकत घेतलेला नव्हता, जांगड होता," मी म्हणालो. उस्मानभाईंचा चेहरा पडला. या धंद्यात सगळे मानतात की जांगड मालाला सान लावायची नाही. लावली की तो माल तुमचा झाला, बिघडला तर तुमच्या घरी बिघडला. हे त्यांनीच मला सांगितलं, हळू आवाजात. "मले म्हने विकत घेतला हाये."

"मग वाळूत चला आणि एवढंच सांगा."

"नाई." पुन्हा सानेवर बसले. "या घराचं अर्धं काम पंताकडून येते. तुमी कागद छापून जाल अमरावतीले. म्या इथी राह्यतो."

चहा दिला, बशीत. विठोबा घ्यावा की नाही याचा विचार करीत होता, सखुबाईनं घेतला आणि म्हणाली, "साखर लय टाकता." मग विठोबानंही घेतला.

जठारपेठ

दामोदरपंतांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. स्वच्छ बैठक, भिंतीला काचेची कपाटं. आमच्याआधी एक गिऱ्हाईक बसलेलं होतं, वकिलासारखा कुणी, म्हणून विक्री पाहायला मिळाली. खडा दाखवण्याआधी पंत त्यावरून तेलाचं बोट फिरवतात, पट्टे उजळतात. मग मखमलीवर ठेवतात. मग बोलतात. आवाज मऊ, भाषा पुण्याची. ज्या खड्यात शेवाळासारखी झाडं दिसत होती तो त्यांनी 'मेळघाटच्या एका जुन्या राजाच्या संग्रहातला' म्हणून सांगितला. सखुबाई माझ्या कानाशी म्हणाली, "हा तं माह्या जावेचा." वकील खडा घेऊन गेला.

पंतांनी सखुबाईला ओळखलं. "या बाई, बसा. टरबुजांची वेळ झाली की काय?" आमच्यासाठी चिवडा मागवला. मी उस्मानभाईंकडून ऐकलेलं त्यांना क्रमानं सांगितलं. पंत मखमल सारखी करत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "उस्मानचा हात जड आहे हो अलीकडे. त्यानंच घासताना बिघडवला असेल, आणि आता माझ्यावर ढकलतो. मी परत पाठवला तेव्हा पाणी होतं."

"मग ज्येष्ठात त्यांच्याकडे पाणी भरायला का नेला होतात?"

ते हसले. "तुम्ही तरुण आहात." उठले, कपाट उघडलं, एक अकीक आणला. मोठा, डाळिंबासारखा लाल. सखुबाईच्या पुढ्यात ठेवला. "हा घ्या. तुमच्याहून सरस आहे. झालं?"

सखुबाईनं त्याला हात लावला नाही. "मले गोटा नको, पंत. तुमी वाळूत या. गणाजीबुवापुढे म्हना, पानी माह्या हातून सुकलं. येवढंच म्हना, अन् जा."

"एवढ्यासाठी मी वाळूत येऊ?"

"चैतात आल्ते नं? टरबूज खाल्लं नं?"

पंतांनी मला उद्देशून बोलायला सुरुवात केली, जणू सखुबाई उठून गेली होती. "तुम्ही समजून घ्या. माझा सगळा व्यवहार जांगडीवर. नदीकाठची माणसं माझ्या शब्दावर खडे देतात. मीच पाच माणसांत म्हणू की जांगड माल माझ्याकडे बिघडला? उद्या कोण देईल? आणि कशासाठी, तर त्यांच्या त्या खड्ड्याच्या समजुतीसाठी! तुमच्यासारख्या शिकलेल्यानं ती समजूत मोडायला हवी."

या माणसाला खरं काय ते माहीत होतं आणि खरं बोलण्याचा खर्चही माहीत होता. तो खर्च सखुबाईनं करावा, एवढंच त्याचं म्हणणं. शब्दावर चालणारा धंदा, म्हणून शब्द पाळायचा नाही.

चिवडा कुणी खाल्ला नाही. उठताना सखुबाईनं लाल खडा एका बोटानं मखमलीवर ढकलला आणि म्हणाली, "याले तेल जादा झालं."

परतताना उस्मानभाईंच्या दारावरून गेलो. पंत काय म्हणाले ते त्यांना कळवणं माझं कामच होतं. हात जड आहे म्हणाले, एवढंच मी सांगितलं, शब्द न बदलता.

उस्मानभाईंनी हातातला खडा खाली ठेवला. मग घरात गेले. बाहेर आले ते नवी शेरवानी आणि तुर्की टोपी घालून. "कवा हाये गाडी?" म्हणाले. "माह्या हाताले जड म्हनते? जड?"

पुन्हा वाळू

शेरवानी वाळूत चालण्यासाठी नसते. उस्मानभाई दर दहा पावलांना थांबत आणि नदीला दोष देत. पण रेघांवर त्यांनी पाय दिला नाही. माझे हातातले बूट पाहून त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

गणाजीबुवा आले, खणणाऱ्या बाया खोरी-फावडी टाकून आल्या. त्या न बोलणाऱ्या जावा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. उस्मानभाईंनी गोटा उन्हाकडे धरला आणि भाषण सुरू केलं, खंबायतेपासून. बुवांनी मध्येच थांबवलं. "खां साहेब, पानी कोनाच्या हातून सुकलं?"

"पंताच्या. माह्या नाई. बाईच्या नाई. जेठातच कोरडा होता, माह्या डोळ्यानं पाह्यला म्या. दसऱ्याले यात पानी असंन तं माहे हात तोडा."

एक बाई म्हणाली, "लय घासते बावा हा बोलतानी," आणि लोक हसले. पण त्यांना पटलं होतं.

बुवांनी चिलीम दुसऱ्याच्या हातात दिली. सखुबाईच्या जागेशी गेले, पाठमोरे झाले आणि टाच टेकवली. उलट्या पावली एक रेघ ओढली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या बाजूला आल्यावर थांबले आणि टाच उचलली.

"ही तिचीच जागा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले देनार नाई. पन ज्याच्या हातून सुकलं त्याच्या तोंडून आलं पायजे. चौथी रेघ तो आल्यावर. तवरक खड्डा नाई."

मी वाद घातला. साक्ष झाली, मग आणखी काय हवं, असं बरंच बोललो. बुवा म्हणाले, "तुमच्या कोर्टात साक्षीदार शिक्षा भोगते का? नाई नं. मंग साक्षीदारानं येऊन सांगतलं म्हनून गुन्हेगार सुटते कसा?"

सखुबाई तीन रेघांच्या आत जाऊन उभी राहिली. खाली वाकली, हातानं वाळू थोडी बाजूला केली, ओल किती खाली आहे ते पाहिलं आणि परत लोटून ठेवली. गोटा मडक्यात गेला. उस्मानभाई म्हणतात, पाणी गेलं तसं कधी परतही येतं, वर्षानुवर्षं भिजवून. कधी ते अल्ला जाणे. वेल मात्र तेवढं थांबणार नाहीत.

पंतांना मी त्यानंतर दोनदा सांगून पाहिलं. ते येणार नाहीत. माझं पत्रक ते वाचणार नाहीत, आणि वाळूतली माणसं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर कधी चढत नाहीत. पायरी चढता ते तुम्ही. अंगठीसाठी, लग्नातल्या आहेरासाठी, साहेबाला भेट म्हणून, जठारपेठेत तुम्ही जाता आणि त्या मखमलीपुढे बसता. तुमच्याशिवाय त्या माणसाला कुणाचीच भीती नाही.

तेव्हा जा. बसा. तेलाचं बोट फिरवून तो खडा पुढे ठेवील, तेव्हा खड्याकडे पाहू नका, त्याच्या तोंडाकडे पाहा आणि विचारा: "पंत, वाळूत कधी जाता?" एवढंच विचारा, आणि काही न घेता उठा. तुमच्यानंतर येणाऱ्यालाही तेच विचारायला सांगा. मात्र हे माघ लागायच्या आत करा. माघानंतर विचारलंत तर चौथी रेघ ओढली जाईल, पण तिच्या आत लावायला काही उरणार नाही.